ठिणगीचे कोडे

मुलांनो, खोपोलीहून बोरघाट चढणारे ट्रक तुम्ही पाहिले असतील. वळण आले की चालक हॉर्नचे बटण दाबतो. त्या बटणातून थोडीशी वीज एका छोट्या डबीत जाते. या डबीला रिले म्हणतात. डबीतील तारेच्या गुंडाळीचे चुंबक बनते. ते एक पट्टी ओढते आणि हॉर्नला मोठा प्रवाह मिळतो. कर्जत-खालापूरच्या गॅरेजमध्ये अशी डबी तुम्हांला पाहायला मिळेल. तिच्यामागे जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाचे कष्ट आहेत.

हेन्री यांचा जन्म १७ डिसेंबर १७९७ रोजी अमेरिकेतील ऑल्बनी येथे गरीब घरात झाला. वडील लवकर वारले. लहानगा जोसेफ एका घड्याळजीकडे काम शिकू लागला. १६ व्या वर्षी त्याच्या हाती विज्ञानाचे एक पुस्तक पडले आणि त्याला अभ्यासाची गोडी लागली. पुढे १८२६ साली हेन्री आपल्याच गावातील विद्यालयात शिक्षक झाले.

शिकवून उरलेल्या वेळात ते प्रयोग करीत. तारेवर रेशीम गुंडाळून त्यांनी मोठी चुंबके बनवली. १८३१ साली त्यांच्या एका चुंबकाने ९०० किलोग्रॅमहून अधिक वजन उचलले. चुंबकापासून वीज मिळते, हेही त्यांनी ओळखले होते. पण ते प्रसिद्ध करण्यास उशीर झाला आणि तो मान इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांना मिळाला.

हेन्री खचले नाहीत. लांब तारेतील प्रवाह तोडताना ठिणगी उडते, हे त्यांनी पाहिले होते. प्रवाह एकदम थांबला की गुंडाळीचे चुंबकत्व नाहीसे होते आणि क्षणभर विजेचा मोठा दाब निर्माण होतो. ठिणगीचा हा शोध त्यांनी १८३२ साली प्रसिद्ध केला.

रिलेतही असेच घडते. बॅटरी १२ किंवा २४ व्होल्टची असते, पण बटण सोडताच क्षणभर शेकडो व्होल्टचा दाब येऊ शकतो. त्याने बटणाची टोके जळतात, नाजूक भाग बिघडतात. म्हणून गुंडाळीच्या दोन टोकांमध्ये उलट दिशेने डायोड जोडतात. एरवी तो वीज अडवतो. बटण सोडताच तो वाट देतो आणि प्रवाह गुंडाळीतच फिरून विरून जातो.

१३ मे १८७८ रोजी हेन्री यांचे निधन झाले. १८९३ साली गुंडाळीच्या या गुणाच्या एककाला हेन्री हे नाव देण्यात आले.

मुलांनो, तुमच्यासमोरही एखादी ठिणगी उडेल. ती का उडाली, हे शोधा आणि लगेच वहीत लिहून ठेवा.