शल्यचिकित्सक पडद्यावर

शिकागोतील जर्मन-अमेरिकन रुग्णालयाचे प्रमुख शल्यचिकित्सक डॉ. हॅरी हेझलडन यांनी नोव्हेंबर १९१५ मध्ये जन्मजात व्यंग असलेल्या नवजात बालकावर शस्त्रक्रिया करण्यास नकार दिला. काही दिवसांतच ते बालक दगावले. सदोष संततीला जगवू नये, हा सुप्रजननवादी विचार त्यांनी वृत्तपत्रांतून उघडपणे मांडला. १९१७ च्या ‘द ब्लॅक स्टॉर्क’ या मूकपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यातील मातेला अपंग मुलाचे गुन्हेगारी भविष्य दिसते आणि ती त्याच्या मृत्यूला संमती देते. वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांना काढले, ते बालकाच्या मृत्यूसाठी नव्हे, तर प्रसिद्धीच्या हव्यासासाठी. १९१९ मध्ये क्युबात त्यांचे निधन झाले. चित्रपट मात्र नव्या नावाने पुढेही दाखवला जात राहिला. कल्पित भविष्याच्या भीतीपुढे बालकाचा जगण्याचा हक्क प्रेक्षकांना क्षुल्लक वाटावा, हेच त्याचे खरे विष होते.