पडद्यावरचे क्षितिज

शहापूर-मुरबाडच्या मुलांना हे शिकवावे लागत नाही: जवळचा डोंगर हिरवा, त्यामागचा निळा आणि माळशेजकडची शेवटची रांग आभाळातच विरलेली. वैमानिक जमिनीवर बसून उड्डाण शिकतात त्या सिम्युलेटरच्या पडद्यावरही क्षितिजाशी हीच धूसरता भरावी लागते. नाहीतर दूरचे दूर वाटत नाही. कोल्हापूरच्या कै. बाबूराव पेंटरांनी हे कोडे कापडावर, रंगांनी सोडवले होते.

त्यांचा जन्म ३ जून १८९० चा, आडनाव मेस्त्री. कलाशाळेची पायरी ते चढले नाहीत. नात्यातले बंधू आनंदराव यांच्यासह १९१० ते १९१६ या काळात त्यांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेले पडदे फार गाजले. मग दोघांनाही चित्रपटाचे वेड लागले. पण १९१६ साली आनंदराव गेले. स्वतःचा कॅमेरा बनवण्याचे दोघांचे स्वप्न एकट्या बाबूरावांवर आले. त्यांनी ते दामल्यांच्या साहाय्याने पुरे केले आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला.

इथे मला त्यांचे मोठेपण दिसते. रंगवलेल्या देखाव्यावर ज्याने नाव कमावले, त्यानेच चित्रपटात तो देखावा बाजूला सारून भरीव नेपथ्य उभारले. 'सिंहगड'मधील (१९२३) रात्रीसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) तर जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची काळोखी झोपडी आणि रडणारे कुत्रे एवढ्यावर प्रसंग उभा केला.

१६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले.