सर्पगंधा आणि डॉ. रुस्तम वकील

सर्पगंधा हे भारतातील एक लहानसे रानझुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून छत्तीसगडच्या जंगलांपर्यंत ते आढळते. त्याची कडू मुळी वेड, निद्रानाश आणि सर्पदंश यांवर शतकानुशतके दिली जात असे. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या वैद्यांनी मनोविकार आणि उच्च रक्तदाब यांवरील तिच्या गुणांविषयी लिहिलेही होते. परंतु जगाचे लक्ष तिकडे गेले नाही. ते वेधून घेण्याचे श्रेय डॉ. रुस्तम जाल वकील यांना जाते.

वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात रुग्णसेवा करू लागले. उच्च रक्तदाबावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. वकील यांनी रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या आणि त्यांचा रक्तदाब वारंवार मोजून नोंदी ठेवल्या. जुने औषध म्हणून त्यांनी ते डोळे मिटून स्वीकारले नाही आणि गावठी म्हणून झिडकारलेही नाही. १९४९ मध्ये ५० रुग्णांवरील त्यांचा निबंध ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बहुतेक रुग्णांचा रक्तदाब उतरला होता.

त्यानंतर संशोधनाला वेग आला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेत मुळीतून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले, तेव्हा अनेकांची अस्वस्थता कमी झाली. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन हे दोघेही होते.

या औषधाला दुसरी बाजूही होती. मोठ्या मात्रेने काही रुग्णांचे हात थरथरू लागले, शरीर ताठरले. जणू कंपवातच जडला. हा दोषच संशोधकांना वाट दाखवणारा ठरला. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पीन दिले. ससे निश्चल झाले. मग त्यांना लेव्होडोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामीन तयार होते. शरीराच्या हालचालींसाठी हे डोपामीन आवश्यक असते आणि कंपवातात त्याचीच उणीव भासते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. लेव्होडोपा हे आजही कंपवातावरील प्रमुख औषध आहे. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

वकील हे हृदयरोगतज्ज्ञ होते. मेंदूचे संशोधन हा त्यांचा विषय नव्हता. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि रिसर्पीनचा वापर फारच कमी झाला. मात्र मुंबईच्या रुग्णालयात एका डॉक्टरने चिकाटीने ठेवलेल्या नोंदींमुळे रानातली एक मुळी जगातील प्रयोगशाळांपर्यंत पोहोचली आणि तिच्या गुणांनी व दोषांनीही मेंदूच्या आजारांचे कोडे उलगडण्यास साहाय्य केले.