गनाडोची तेवीस वर्षे : डॉ. क्लॅरेन्स आणि कोरा सॉल्सबरी

अरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यात, नवाहो राष्ट्राच्या तांबड्या मातीच्या पठारावर गनाडो हे लहानसे गाव आहे. मोटारीने या भागात फिरणारे प्रवासी येथे थांबतात ते बहुधा हबेल यांची जुनी व्यापारी पेढी पाहण्यासाठी. तिथून जवळच दगडी इमारतींचा एक जुना समूह आहे. एकेकाळी येथे सेज मेमोरियल रुग्णालयाची परिचारिका शाळा चालत असे. अमेरिकेतील मूळनिवासी तरुणींना परिचारिकेचे मान्यताप्राप्त शिक्षण देणारी ही देशातील पहिली शाळा. २००९ साली या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. शाळा उभारणारे दाम्पत्य मात्र येथे थोड्या दिवसांसाठीच आले होते.

क्लॅरेन्स ग्रँट सॉल्सबरी यांचा जन्म १८८५ सालचा, कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातला. वैद्यकीय शिक्षण पूर्ण केल्यावर पत्नी कोरा यांच्यासह ते प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून चीनच्या हैनान बेटावर गेले. दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी तेथे रुग्णसेवा केली. मिरजेचे डॉ. विल्यम वॉनलेस हेही कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचेच डॉक्टर. त्यांच्या पिढीने आशियात जी वाट पाडली, त्याच वाटेवरचे हे पुढचे प्रवासी. चीनमधून परतल्यावर १९२७ साली सॉल्सबरी दाम्पत्याला गनाडोला जाण्याची विनंती झाली. काम तात्पुरते होते आणि मनात ओढ हैनानची होती. प्रत्यक्षात त्यांचा मुक्काम तेवीस वर्षे लांबला.

ज्या लोकांमध्ये ते आले होते, ते स्वतःला दिने म्हणवतात. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांची पिके आणि फळबागा उद्ध्वस्त करून हजारो स्त्री-पुरुषांना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेले होते. वाटेत आणि छावणीत असंख्य माणसे दगावली. १८६८ च्या तहानंतर ते मायभूमीत परतले. पुढे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या धोरणानुसार निरनिराळ्या जमाती निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांकडे सोपवल्या गेल्या, तेव्हा नवाहोंचा प्रदेश प्रेस्बिटेरियनांच्या वाट्याला आला. या वाटणीत त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. १९०१ साली गनाडोत मिशन सुरू झाले ते या पार्श्वभूमीवर. त्यामुळे गोऱ्या माणसाच्या हातातील औषधाकडेही संशयाने पाहण्यास दिने लोकांपाशी सबळ कारण होते.

त्यात रुग्णालयाविषयीची भीती वेगळीच. ज्या घरात मृत्यू होतो ते घर नवाहो परंपरेत त्याज्य ठरते. मृताला स्पर्श करणे टाळले जाते. मग जेथे माणसे मरतात, त्याच इमारतीत बरे होण्यासाठी झोपायचे कसे? शिवाय त्यांची स्वतःची उपचारपद्धती होती. आजार म्हणजे माणसाचा सृष्टीशी बिघडलेला मेळ, आणि तो पुन्हा जुळवायचा तो मंत्रगायनाने. वैदू रात्रीमागून रात्री गातो, जमिनीवर रंगीत वाळूची चित्रे रेखाटतो, आणि विधी संपताच ती पुसून टाकतो. आपल्याकडे अंगणातील रांगोळी पाहून वाढलेल्यांना या चित्रांचे क्षणभंगुरत्व परके वाटणार नाही.

सॉल्सबरी यांना मात्र प्रारंभी यात केवळ अंधश्रद्धा दिसली. क्षयरोग आणि खुपऱ्या यांनी घराघरांत ठाण मांडले होते, उशिरा आणलेले रुग्ण हाती लागत नव्हते, आणि या विलंबाचे खापर ते वैदूंच्या माथी फोडत. त्यांचा स्वभाव तडफदार, हट्टी आणि काहीसा अधिकार गाजवणारा होता. परंतु लोकांचा विश्वास संपादन केल्याशिवाय शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोणी येणार नाही, हे ओळखण्याइतके ते व्यवहारी होते.

१९३० साली पहिल्यापेक्षा कित्येक पट मोठे सेज मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. उद्घाटनाच्या समारंभात नवाहो वैदूंनाही मानाने बोलावण्यात आले. रेड पॉइंट या नामवंत वैदूने आपल्या रीतीने त्या वास्तूला आशीर्वाद दिला. ख्रिस्ती मिशनच्या दारात हे घडावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. सॉल्सबरी यांनी वैदूंचा धर्म स्वीकारला नाही, वैदूंनीही त्यांचा स्वीकारला नाही. पण रोग्याच्या उशाशी दोघांना जागा असू शकते, एवढे त्या दिवशी गावासमोर मान्य झाले.

त्याच वर्षी परिचारिका शाळा सुरू झाली, आणि या दाम्पत्याच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम तेच ठरले. मूळनिवासी मुलींना शरीरशास्त्र पेलणार नाही, त्यांच्या हाती रुग्ण सोपवता येणार नाही, असा त्या काळी गोऱ्या समाजात सर्रास समज होता. रूथ हेंडरसन आणि अॅडेल स्लिव्हर्स या दोन नवाहो तरुणींनी तेथे पहिला प्रवेश घेतला. वर्गातील अभ्यास कठीण होताच. पण मृतदेहाजवळ न जाण्याचा लहानपणापासूनचा संस्कार बाजूला सारून वॉर्डात उभे राहणे त्याहून कठीण होते. १९३३ साली दोघीही पदवीधर झाल्या. पुढे अनेक जमातींतून मुली येऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबले जात असताना, अशा एका छावणीतील तरुणीलाही या शाळेने दार उघडले. रुग्णाची भाषा जाणणारी, त्याची भीती स्वतः अनुभवलेली परिचारिका खाटेजवळ असली की निम्मा उपचार तेथेच होतो, हे गनाडोने दाखवून दिले.

या साऱ्यात कोरा सॉल्सबरी पतीच्या सोबतीने वावरल्या. परंतु मिशनच्या पहिल्या चाळीस वर्षांचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला नसता, तर आधीच्या मंडळींचे कष्ट आज फारसे कोणाला ठाऊक नसते.

या दाम्पत्याचे चरित्र निव्वळ गौरवाचे नाही. १९३० च्या दशकात इंडियन कारभाराचे आयुक्त जॉन कॉलियर यांनी मूळनिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार केला, तेव्हा सॉल्सबरी त्यांचे विरोधक होते. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. रोगमुक्तीबरोबर दिने संस्कृतीचा काही भाग पुसला जावा, असेच त्यांना वाटत होते. तरीही याच कॉलियर यांच्या काळात जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली नवाहोंच्या मेंढ्यांचे कळप सक्तीने घटवले गेले, हेही विसरता येत नाही. परंपरेच्या कैवाऱ्याने पोटावर पाय आणला आणि परंपरेच्या टीकाकाराने लेकरे वाचवली, असे विचित्र चित्र नवाहोंनी त्या दशकात पाहिले.

१९५० साली दाम्पत्याने गनाडो सोडले. डॉ. सॉल्सबरी राज्याच्या आरोग्यसेवेत गेले आणि पुढे अरिझोनाचे सार्वजनिक आरोग्य आयुक्त झाले. परिचारिका शाळा त्यानंतर लवकरच, १९५१ मध्ये, बंद पडली. १९६९ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९८० साली त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी, १९७० च्या दशकात, रुग्णालयाचा कारभार मिशनकडून नवाहोंच्या स्वतःच्या संस्थेकडे गेला होता.

परमुलखात जाऊन काम करणाऱ्याचे यश मोजायचे कशाने, हा प्रश्न या चरित्रातून उरतो. सॉल्सबरी यांना नवाहो समाज ख्रिस्ती झालेला पाहायचा होता. तसा तो सर्वस्वी झाला नाही. तेथे आजही वैदू गातात, वाळूची चित्रे रेखाटली जातात आणि पुसली जातात. पण ज्या मुलींना कोणी परिचारिका मानायला तयार नव्हते, त्यांच्या हाती सॉल्सबरी दाम्पत्याने रुग्ण सोपवले. कालांतराने त्यांच्या समाजाने रुग्णालयही हाती घेतले, आणि गनाडोला बाहेरून येणाऱ्या डॉक्टरच्या मर्जीवर जगण्याची गरज उरली नाही.