एड्विन आर्मस्ट्रॉंग : खरखरीशीं झुंजणारा संशोधक

जुन्या रेडिओवर गाणें ऐन रंगांत यावें, आणि शेजारीं कोणीं विजेचें बटण दाबतांच खरखर उमटून रसभंग व्हावा, हा अनुभव वडील मंडळींस परिचित असेल. बटणांत व विजेच्या मोटारींत उडणाऱ्या ठिणग्यांपासून लहरी निघतात. त्या कांहीं हवेंतून, तर कांहीं घरांतील विजेच्या तारांवरूनच रेडिओंत शिरतात. या उपद्रवाशीं झुंजणाऱ्या एड्विन हॉवर्ड आर्मस्ट्रॉंग या अमेरिकन संशोधकाचें चरित्र मननीय आहे.

आर्मस्ट्रॉंग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजीं न्यूयॉर्क येथें झाला. बालपणापासूनच त्यांस बिनतारी यंत्रांचें वेड असून, घराच्या माळ्यावर त्यांचे प्रयोग चालत. कोलंबिया विश्वविद्यालयांत शिकत असतांनाच, १९१२ सालीं, त्यांनीं वर्धित संदेशाचा अंश पुनःपुन्हां त्याच नळींत घालून क्षीण संदेश कित्येक पटींनीं मोठा करण्याची युक्ति शोधिली. पुढें पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें सैन्याच्या सेवेंत असतांना, १९१८ सालीं, त्यांनीं सुपरहेटरोडाइन ही रचना सिद्ध केली. बहुतेक रेडिओ याच तत्त्वावर बनूं लागले.

तथापि खरखर कायमच होती. तत्कालीन पद्धतींत आवाजाप्रमाणें लहरींची उंची कमीअधिक होत असे. ठिणग्यांचा परिणामही लहरींच्या उंचीवरच होई. मग गाणें कोणतें व खरखर कोणती, हें यंत्रास कसें कळावें? आर्मस्ट्रॉंग यांनीं उंची स्थिर ठेवून लहरींची कंपनसंख्या बदलण्याची पद्धति स्वीकारली आणि ग्राहक यंत्रांत उंचीचे चढउतार छाटून टाकिले. हीच एफ्. एम्. पद्धति होय. ती निरुपयोगी, असें मोठमोठ्या तज्ज्ञांचें मत होतें. परंतु १९३३ सालीं तिचीं पेटंटें मिळालीं, व १९३५ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं पेल्यांत पाणी ओतल्याचा व कागद चुरगाळल्याचा आवाजही दुरून स्पष्ट ऐकिला.

दैव मात्र प्रतिकूल होतें. पहिल्या शोधाच्या मालकीविषयीं ली डी फॉरेस्ट यांच्याशीं चाललेल्या दाव्यांत १९३४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. त्या शोधाबद्दल १९१७ सालीं मिळालेलें पदक परत करण्यास ते रेडिओ-अभियंत्यांच्या संस्थेच्या सभेंत गेले. पण संस्थेनें तें परत घेतलें नाहीं. १९४५ सालीं एफ्. एम्.ची लहरपट्टी बदलल्यानें आधींचीं यंत्रें निकामी झालीं. १९४८ पासून आर्. सी. ए. या बलाढ्य कंपनीशीं पेटंटांचा दावा सुरू झाला. त्यांत द्रव्य व शरीर दोन्ही झिजलीं, आणि १९५४ च्या जानेवारीअखेर खिन्न मनःस्थितींत त्यांचा करुण अंत झाला. पत्नी मॅरियन यांनीं मात्र दावे सोडले नाहींत. १९६७ सालीं शेवटचाही दावा त्यांनीं जिंकिला.

विद्यार्थिमित्रहो, सत्य सिद्ध करणें एक, आणि जगाकडून तें मान्य करवून घेणें दुसरें. पहिल्यास बुद्धि लागते, दुसऱ्यास धीर. आणि एकट्याचा धीर खचूं लागला म्हणजे आप्तेष्टांनीं वेळींच हात द्यावा लागतो. एफ्. एम्.वर निर्मळ गाणें ऐकतांना या पतिपत्नींचें स्मरण अवश्य असूं द्यावें.