पंडिता रमाबाई : पारखून घेतलेली श्रद्धा

शेतकरी बंधू-भगिनींनो, बियाणं घरचं असो की दुकानातलं, तुम्ही ते तसंच पेरत नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवता, किती उगवले ते मोजता आणि मगच तिफण शेतात घालता. धर्माच्या बाबतीत एवढी पारख किती जण करतात?

हा विषय निघाला रावेतला. तिथं पवनेकाठच्या बऱ्याच शेतात आता इमारती उभ्या आहेत, पण राहिलेल्या तुकड्यात भाजीपाला करणारी काही माणसं आहेत. त्यातल्या एका वयस्कर शेतकऱ्यानं मला विचारलं की, ख्रिस्ती झालेली माणसं खरोखर मनापासून होतात की काही मिळावं म्हणून? सगळ्यांचं उत्तर मी कोण देणार? पण आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईंचं आयुष्य मला ठाऊक होतं, ते त्यांना सांगितलं. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. या बाई म्हणजे दौंड तालुक्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाई. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई त्या वेगळ्या, घोटाळा करू नका.

दुष्काळानं पोरकी केलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवणं पाप समजत त्या काळात त्यांनी बायकोला शिकवलं, आणि आईनं रमाबाईंना. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. पुढं मद्रासकडच्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण तिघंही उपासमारीनं गेली. राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी चालत देशभर फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वेगळ्या जातीच्या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. वय तेवीस, पदरात तान्ही मुलगी. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि पुढच्या वर्षी शिकायला इंग्लंड गाठलं. तिथं वाँटेज गावच्या सिस्टरांच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

प्रश्न विचारणारी ख्रिस्ती

आता इथं लक्ष द्या. ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांचं अन्न खायचं, त्यांच्याशीच रमाबाईंचा वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत पटला नाही तर त्या तसं सांगत. पाद्री सांगतो म्हणून मानायचं हे त्यांना कबूल नव्हतं. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना, बाईनं पुरुषांना शिकवू नये असं बिशपांनी कळवलं, तेव्हा त्या रागावल्या. मांसाहार त्यांनी कधी केला नाही, साडी सोडली नाही. येशू ख्रिस्त घ्यायचा, पण त्याच्याबरोबर साहेबाची राहणी आणि हुकूम घ्यायचे नाहीत, अशी ही निवड होती.

आणखी एक गोष्ट. बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळं मिळालं असंही त्यांनी मानलं नाही. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त अजून सापडला नाही, हे त्यांना काही वर्षांनी उमगलं आणि त्यांनी ते जाहीरपणे लिहिलंही. आपली उणीव अशी चारचौघांत मांडायला धाडस लागतं.

अमेरिकेतून मदत जमवून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धर्मात हात घालणार नाही असं ठरलं होतं. पण रमाबाईंची प्रार्थना दार उघडं ठेवून चाले आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून गहजब झाला. केसरीनं टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. शब्द मोडला असं टीकाकारांचं म्हणणं. मी कुणावर सक्ती केली नाही, पण माझी श्रद्धा कोंडूनही ठेवणार नाही, असं बाईंचं. दोन्ही बाजू ऐकून तुम्हीच ठरवा. दार लावून घेतलं असतं तर वाद मिटला असता, एवढं मात्र खरं.

केडगावचं शेत

ग्रामसेवक, सरपंच मंडळींनी पुढचं नीट वाचावं. अमेरिकेची मदत दहा वर्षांपुरतीच कबूल झालेली होती. अनुदान संपलं की योजना कशी बंद पडते हे आपण गावोगाव बघतो. बाईंनी ती मुदत संपायच्या आधीच केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावून उत्पन्न काढायचं, असा बेत. पट्टा कमी पावसाचा, म्हणून विहिरी खणल्या.

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली रस्त्यावर मरताहेत हे कळल्यावर, स्वतः त्या भुकेतून गेलेल्या बाई घरी कशा बसतील? त्या जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळं मुलींना केडगावच्या शेतावर ठेवलं. हेच मुक्ति मिशन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती. शेती, दुग्धालय, तेलघाणी, विणकाम, छापखाना अशी कामं बायका स्वतः करत. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत. प्लेगच्या इस्पितळात बायकांची नीट राखण होत नाही, हेही बाईंनी वर्तमानपत्रात लिहिलं. सरकार ख्रिस्ती लोकांचं म्हणून गप्प बसल्या नाहीत.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतरात घालवली. जुनं मराठी बायबल खेड्यातल्या बाईला जड जातं, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत नवं केलं. जुळणी, छपाई मुक्तीतल्या बायकांची. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या.

रावेतच्या त्या आजोबांना मी एवढंच म्हणालो की, या बाईंना धर्मापायी काय मिळालं ते मोजा आणि काय गेलं तेही मोजा. आपले लोक तुटले, नव्या लोकांशीही भांडण झालं. हाती आली ती केडगावची माळरानं आणि दोन हजार तोंडं. फायद्यासाठी धर्म घेणारा असा व्यवहार करत नाही.

तुमचा धर्म कोणताही असो, बंधूंनो, या बाईंकडून दोन गोष्टी घ्या. पटेपर्यंत विचारायला लाजू नका. आणि एकदा पटलं की त्याची किंमत दुसऱ्याच्या खिशातून देऊ नका. पुणे-सोलापूर मार्गावर कधी केडगावला उतरलात तर मुक्ति मिशन बघून या. काम अजून चालू आहे.