नोकरी गेलेला गाईड

वय तेहतीस. लग्न झालेलं. जर्मनीत शिकून परत आलेला माणूस मुंबईत उतरतो आणि त्याला कळतं, की ज्या नोकरीवरून आपण रजा घेऊन गेलो होतो, ती नोकरीच आता उरलेली नाही. पगाराला पैसे नाहीत म्हणून पदच रद्द!

साल १९३०. माणसाचं नाव सलीम अली. आणि रद्द झालेलं पद होतं गाईड लेक्चररचं.

हो, गाईडचंच. जंगल सफारीला गेलं की जिप्सीत पुढे बसून ‘तो बघा, त्या फांदीवर’ म्हणणारा गाईड असतो ना, साधारण तेच काम. फक्त चार भिंतींच्या आत. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञानाचं दालन नवीनच उघडलं होतं. तिथे येणाऱ्यांना पेंढा भरलेले प्राणी-पक्षी दाखवायचे, त्यांची माहिती सांगायची. १९२६ साली ही नोकरी लागली तेव्हा पगार होता महिना ३५० रुपये. भारतातल्या पक्ष्यांचा सगळ्यात मोठा जाणकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांचं करिअर सुरू झालं ते असं. आणि चार वर्षांत थांबलंही.

तोवरचा प्रवासही काही सरळ नव्हता. १२ नोव्हेंबर १८९६ चा जन्म. दहा भावंडांत सगळ्यात धाकटे. तीन वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले, मग मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीच्या घरात वाढवलं. लहानपणी हातात छऱ्याची बंदूक होती. एकदा एक चिमणी पडली, पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कुठली? मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये, पाठवलं. तिथले सेक्रेटरी मिलार्ड यांनी त्या पोराला हाकलून दिलं नाही. पक्षी ओळखून दिला, वर संस्थेचा सगळा संग्रह उघडून दाखवला. थोडक्यात, गाईड होण्याआधी सलीमलाही एक चांगला गाईड भेटला होता.

अभ्यासात मात्र आनंदीआनंद. डोकेदुखीने शाळा बुडायची. १९१३ मध्ये कशीबशी मॅट्रिक झाली. झेवियर्सला प्रवेश घेतला, पहिलंच वर्ष जड गेलं, कॉलेज सोडलं आणि ब्रह्मदेशात घरच्यांच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला गेले. तिथे धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातच लक्ष जास्त! १९१७ ला परत येऊन कॉमर्स शिकायला घेतलं. झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा कल ओळखला आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवलं. पण पुढे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षितज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा हवी ती पदवी नाही म्हणून नकारच मिळाला. म्युझियममधल्या नोकरीनंतर मग १९२८ मध्ये रजा काढून त्यांनी बर्लिन गाठलं. तिथे एर्विन श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली शिकले. आणि परत आले तर हे असं.

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? दुसरी नोकरी शोधली असती. सलीम अली आणि त्यांची पत्नी तहमीना मुंबई सोडून अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. पावसाळा आला. आसपास सुगरणींनी घरटी बांधायला घेतली आणि या बेकार माणसाने रोज त्यांच्यासमोर बसायला सुरुवात केली.

आपल्या भाषेत तिला सुगरण म्हणतात, पण घरटं विणतो तो नर! अलींनी पाहिलं, की नर घरटं अर्धंच बांधतो आणि थांबतो. मग माद्या येतात, बघतात. एखादीला पसंत पडलं तर ती ते ताब्यात घेते आणि मगच नर ते पूर्ण करतो. तिचा संसार लागला की हा बाबा शेजारी दुसरं घरटं बांधायला मोकळा, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीचा खोपा शतकानुशतकं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होता. पण एका जागी बसून, रोज, जे दिसेल तेच वहीत लिहिलं कोणी? १९३१ मध्ये हा अभ्यास बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापून आला आणि अलींचं नाव झालं.

त्यानंतर त्यांनी संस्थानांना एक ऑफर दिली. तंबूचा, प्रवासाचा खर्च तुम्ही करा, मी बिनपगारी तुमच्या राज्यातले पक्षी नोंदवून देतो. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ... एकेक संस्थान पायाखालून गेलं. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीशिवाय होत नसे, अलीही नमुन्यासाठी पक्षी मारत. ती गोष्ट त्यांनी लपवली नाही. या सुरुवातीच्या भटकंतीत तहमीना सोबत असायच्या. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. अली बहिणीच्या घरी राहायला आले आणि काम सुरूच राहिलं. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक आलं. म्युझियममध्ये समोर उभं राहून जे सांगायचे ते आता कुणालाही पिशवीत टाकून रानात नेता येणार होतं. मग अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पुढे पद्मविभूषण, पॉल गेटी पुरस्कार, राज्यसभा. गेटी पुरस्काराचे पैसेही त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या कामाला दिले.

पण एक पक्षी त्यांना चकवून गेला. वनपिंगळा.

हे छोटं घुबड भरदिवसा शिकार करतं. १८८४ नंतर ते कुणाला खात्रीने दिसलं नव्हतं. अपवाद फक्त एका नमुन्याचा. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला म्हणून त्यावर लेबल होतं. हा माणूस अलींच्या ओळखीचा. १९३७ मध्ये दोघं अफगाणिस्तानच्या मोहिमेवर बरोबर होते. सत्तरच्या दशकात अली आणि रिप्ली यांनी वनपिंगळा शोधला, मिळाला नाही. मिळणार कसा? ते लेबलच खोटं होतं! लंडनच्या म्युझियममधून जुना नमुना चोरून या साहेबाने त्यावर स्वतःचं नाव, खोटी तारीख आणि खोटं ठिकाण चिकटवलं होतं. ही लबाडी उघड झाली तेव्हा अली हयात नव्हते. १९८७ मध्ये वयाच्या नव्वदीत ते गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि तिच्या दोन साथीदारांनी ते लेबल बाजूला ठेवलं, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि सातपुड्याच्या पायथ्याला, शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी वनपिंगळा सापडला.

आता पुढचं आपल्या अंगणातलं. २०१४ मध्ये हाच वनपिंगळा शहापूर तालुक्यात, तानसा अभयारण्यात दिसल्याची नोंद झाली. पश्चिम घाटातली ही त्याची पहिली नोंद. अलींनी जिथे गाईडगिरी केली त्या म्युझियमपासून कसारा लोकलने दोनेक तासांवर आसनगाव, आणि तिथून पुढे हे रान. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांभोवतीची ही सागाची झाडी किती जणांनी नुसती खिडकीतून पाहिली असेल!

मोठ्या नावापेक्षा नोंद मोठी, हे खुद्द अलींच्या बाबतीतही खरं ठरलं. राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी अभयारण्य वाचलं त्यात त्यांचा मोठा वाटा. तिथे गुरं चरायला नकोत असं त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये चराईबंदी आली, गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. पण बीएनएचएसच्याच दहा वर्षांच्या अभ्यासात दिसलं, की म्हशी बंद झाल्या तसं पाणथळीत गवत माजलं आणि पाणपक्ष्यांची जागा आवळत गेली. म्हणजे चराईबंदीचा निर्णय पक्ष्यांनाही मानवला नव्हता. अलींच्या आयुष्यभराच्या संस्थेने अलींच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष छापला. त्यांच्या पद्धतीला याहून चांगली दाद कुठली?

भातसानगर, खर्डी, शहापूर, मुरबाडच्या पोरापोरींसाठी यात कामाची गोष्ट आहे. वीकेंडला कॅमेरे घेऊन मुंबईहून येणाऱ्यांना रानातली वाट दाखवणारं माणूस लागतं. कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, कुठल्या सागाच्या ढोलीत काय राहतं, हे इथे रोज वावरणाऱ्याला जितकं कळेल तितकं शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्याला कळणार नाही. पण गाईडच्या खिशात वही हवी. त्यात तारीख, वेळ, जागा खरी हवी, आणि दिसलं नसेल तर दिसलं नाही असंच लिहिलेलं हवं. पाहुण्यांना खूश करायला सांगितलेला बिबट्या आणि मायनर्ट्‌झहागेनचं लेबल यांत फार फरक नाही.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. पण वही सुरू करायला तेवढं थांबायची गरज नाही. पावसाळ्यात पाण्याच्या कडेला बाभळीवर सुगरणीची घरटी लटकलेली दिसतील. त्यात एखादं अर्धवट सोडलेलं असेल. ते का सोडलं असावं, हे आता तुम्हाला माहितीये. तरीही गाडी बाजूला लावा आणि अर्धा तास स्वतःच्या डोळ्यांनी बघा.